चार दिवस जोडून सुट्टी आणि बेंडिगोची गाडी

१५ मार्च २०२६

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा मेलबर्नहून फोनवर तू विचारलंस, "बाबा, ईस्टरला चार दिवस जोडून सुट्टी आहे, सगळे ग्रेट ओशन रोडला निघालेत, मी पण जाऊ का?" मी उत्तर देणार तोच आईने फोन घेतला आणि बोलणं भलतीकडेच गेलं. म्हणून हे लिहून काढतोय. इथे बसून मी उंटावरून शेळ्या हाकतोय असं म्हणशील, पण मागच्या खेपेला तुझ्याकडे राहिलो तेव्हा तुझ्या ऑफिसच्या वेळात मी आणि आई बरंच भटकलो होतो. अगदीच ऐकीव सांगत नाही.

ग्रेट ओशन रोड या चार दिवसांत नको. रस्ता अप्रतिम आहे यात वाद नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला, तोही लढाईत गेलेल्या आपल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. तो सावकाश, थांबत थांबत बघायचा रस्ता आहे. ईस्टरला मात्र अर्धं मेलबर्न तिकडेच लोटतं. जाणारी एक आणि येणारी एक, अशा दोन लेन. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र. पुढे कुणी कॅरॅव्हॅन ओढत चाललेला असला की मागे सगळी वरात. समुद्रातल्या त्या ट्वेल्व्ह अपॉसल्स सुळक्यांपाशी पोचलात तर पार्किंगसाठी पुन्हा रांग. त्यात तुम्ही पाच जण आणि गाडी चालवणारा एकटा. तुझ्या मैत्रिणीला त्याच वाटेवर टॉर्की गावाजवळ बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा बघायचीय म्हणालीस. १९६२ पासूनची ती स्पर्धा नावाजलेली आहे खरी, पण लाटा मनासारख्या नसतील त्या दिवशी आयोजक ती थांबवून ठेवतात. एवढ्या गर्दीतून तिथे पोचायचं आणि "आज स्पर्धा नाही" असं ऐकून परत फिरायचं! मे महिन्यात एखाद्या मंगळवारी रजा टाक आणि तेव्हा जा.

मग काय करायचं? माझं ऐकशील तर बेंडिगोला जा. आणि गाडीने नाही, आगगाडीने.

सदर्न क्रॉस स्टेशनहून दोनेक तासांत पोचतेस. २०२३ पासून तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात लांबच्या गाड्यांचं भाडंही शहरातल्या दिवसभराच्या तिकिटापेक्षा जास्त घेत नाहीत, तेव्हा खिशाला झळ नाही. तुझं ट्राम-बसचं मायकी कार्डच चालतं. या गाडीला आरक्षण नसतं, त्यामुळे अर्धा तास आधी जाऊन खिडकी पकड. निघण्याच्या आदल्या दिवशी एवढं बघून घे की रुळांच्या कामासाठी त्या दिवशी गाडीऐवजी बस तर सोडलेली नाही. लांब सुट्ट्यांतच ती कामं काढायची तिकडे खोड आहे.

बेंडिगोचा ईस्टर १८७१ पासून चालत आलाय. १८५१ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं येऊन पडली, त्यात चिनी खाणकामगार हजारोंनी. पुढे गावातल्या इस्पितळासाठी आणि निराधारांच्या आश्रमासाठी पैसे उभे करायला म्हणून ईस्टरची जत्रा सुरू झाली. थोड्याच वर्षांत चिनी मंडळीही आपली वाद्यं, निशाणं, रेशमी कपडे घेऊन मिरवणुकीत उतरली. ज्यांना एरवी गावात फारसं कुणी जवळ करत नव्हतं, त्यांनीच गावच्या दवाखान्यासाठी पैसे गोळा केले. मला त्या सगळ्या हकिगतीत हे सर्वांत भावलं. आजही ईस्टरच्या मिरवणुकीचा मान ड्रॅगनचा. लूंग नावाचा पहिला ड्रॅगन १९०१ पासून १९७० पर्यंत फिरला, मग सन लूंग आला, आणि २०१९ पासून दाइ गम लूंग निघतो. लांबी साधारण १२५ मीटर! तो खांद्यावर घेऊन चालायला किती माणसं लागत असतील बघ.

मिरवणूक मी पाहिलेली नाही, पण गोल्डन ड्रॅगन म्युझियममध्ये ते जुने ड्रॅगन जवळून पाहिलेत. लूंगच्या अंगावरचं रेशीम आता विटलंय. खवल्यांमध्ये बारीक बारीक आरसे बसवलेत. आपण जरा सरकलो की पलीकडचे आरसे चमकतात आणि ते धूड अंग हलवतंय असा भास होतो. आई तिथून हलायला तयार नव्हती. म्हणून म्हणतो, म्युझियम आधी कर, मिरवणूक मग. मिरवणूक नेमकी कधी निघते ते तिथल्या नगरपालिकेच्या वेळापत्रकात बघ आणि तासभर आधी रस्त्याच्या कडेला जागा धर. फटाक्यांच्या लांबच लांब माळा लावतात, तेव्हा कानात घालायला कापूस ने. जुनी ट्रामही गावातून फिरते. वेळ असेल तर बस.

पळापळ चालणार असेल तर आणखी एक पर्याय आहे, स्टॉवेल. सोन्याच्या खाणीचंच गाव. तिथे १८७८ पासून ईस्टरला गवतावर १२० मीटरची शर्यत होते, अंतिम फेरी सोमवारी. गंमत अशी की ज्याचा वेग जास्त त्याला मागून पळायला लावतात आणि बाकीच्यांना काही मीटर पुढे उभं करतात. गेल्या वर्षी गाउट गाउट हा सतरा वर्षांचा पोरगा आला होता, ज्याच्या नावाने सगळा ऑस्ट्रेलिया वेडा झालाय. उपांत्य फेरीत दुसरा आला आणि अंतिम फेरी हुकली. तुझ्यासारख्या शाळेत धावण्याची बक्षिसं आणणाऱ्या मुलीला मजा येईल. पण तिथे रोजची थेट आगगाडी नाही, अरारातपासून बस. मुक्कामाच्या जागाही एव्हाना संपल्या असतील. ग्रॅम्पियन्सचे डोंगर शेजारी आहेत म्हणून कुणी गाडीने निघालंच तर दिवस मावळताना रस्त्यावर राहू नका. त्या वेळी कांगारू आडवे येतात. आणि हद्द ओलांडून न्यू साउथ वेल्स या शेजारच्या राज्यात शिरलात तर वेग, सीटबेल्ट, मोबाइल, असल्या चुकांना त्या दिवसांत डिमेरिट पॉइंट, म्हणजे लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण, दुप्पट.

गुड फ्रायडेला घरीच राहा. दुकानं जवळपास सगळी बंद असतात, वाणसामान गुरुवारीच भरून ठेव. त्या दिवशी चौकाचौकांत लोक डबे घेऊन उभे दिसतील. मुलांच्या इस्पितळासाठी १९३१ पासून चालणारी वर्गणी आहे ती, चार डॉलर टाक. बाहेर खायचंच झालं तर सुट्टीचा सरचार्ज, म्हणजे जादा आकार, बिलात लागतो हे लक्षात ठेव, नाहीतर मागाहून कुरकुरशील.

एक महत्त्वाचं राहिलंच. तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी रविवारी घरी जेवायला बोलावलंय ना? "आपला सण नाही, उगाच कशाला" असं करू नकोस. जा. चार दिवस खोलीत एकटी लॅपटॉप उघडून बसलीस तर मला चालणार नाही. बेंडिगोची मिरवणूक आणि ते जेवण एकाच वेळी आलं तर जेवण निवड. मिरवणूक पुढच्या ईस्टरला, २८ मार्चला, पुन्हा बघता येईल. जाताना चॉकलेट ने, पण सशाचं नको, बिल्बीचं ने. लांब कानांचा, बिळात राहणारा, रात्री हिंडणारा तिथलाच प्राणी आहे तो. १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी जीलाँगच्या बाजूला इंग्लंडचे ससे सोडले, त्यांनी देशभर पसरून गवत फस्त केलं आणि बिल्बीच्या जिवावर उठले. म्हणून अॅडलेडच्या हेग्ज या चॉकलेटवाल्यांनी १९९३ पासून चॉकलेटचे ससे करणंच सोडलं. त्या बाईंच्या घरी लहान मुलं आहेत म्हणालीस, त्यांना ही गोष्ट सांग. मुलांना असलं फार आवडतं.

आणि हो, यंदा ईस्टरचा रविवार आणि तुमची घड्याळं मागे जाण्याचा दिवस एकच आलाय, ५ एप्रिल. पहाटे तीनचे दोन होतील. मोबाइल आपोआप बदलेल, भिंतीवरचं घड्याळ तू बदल. त्या दिवसापासून आपल्यात साडेपाचाऐवजी साडेचार तासांचा फरक, म्हणजे रात्री आमचा फोन तुला तासभर लवकर येईल. आईला तीनदा समजावलंय, तरी ती विसरेलच.

तिकडे शरद ऋतू लागलाय, बेंडिगोला रात्री गारठा असतो. जाड स्वेटर घे, तो निळा नको, त्याची कोपरं विरलीत. शनिवारी जाऊन रविवारी परत की शनिवारचा एकच दिवस, ते ठरलं की कळव. मुक्काम करणार असशील तर आजच्या आज खोली बघ.

तुझा,
बाबा