फिलरच्या बॉक्सवरचं स्टिकर कुठं जातं?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की आपल्या सोलापुरात पार्लरच्या ऑफर सुरू होतात, फेशियल, मेंदी, हेअर स्पा इथपर्यंत ठीक होतं, आता त्यातच ओठांचं फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसायला सुईनं आत भरतात ते, पण घुसलंय. ज्यांना करायचंय त्यांनी करावं, हौसेला मोल नाही, मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण बिघडलं तर पुढं काय, हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितेय.

माझ्या भाचीनं साखरपुड्याआधी एका पार्लरमध्ये करून घेतलं (पार्लरचं नाव देत नाही, भाचीचं तर अजिबातच नाही). बाहेरून कोण 'डॉक्टर' आले आणि टोचून गेले म्हणे. संध्याकाळी वरचा ओठ एका बाजूनं पांढराफटक पडला आणि ठणकायला लागला, पार्लरवालीनं व्हॉट्सॲपवर फोटो बघून सांगितलं सूज आहे, बर्फ लाव, उतरेल. सकाळी बघतो तर ओठापासून नाकपुडीपर्यंत जांभळी जाळी उठलेली, आणि तिकडं फोन उचलणं बंद. पोरगी स्कार्फ गुंडाळून बसलेली, आई म्हणते हळद लावू, पाहुण्यांत कळलं तर काय म्हणतील!

स्किनच्या डॉक्टरांकडं ओढूनच नेली. त्यांनी ओठाशेजारी बोटानं दाबलं, सोडलं, लाली परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं आणि म्हणाले फिलर रक्तवाहिनीत गेलंय नाहीतर बाहेरून ती दाबतंय, तिथल्या कातडीला रक्त मिळत नाहीये. अशात बर्फ उलट वाईट, कारण थंडीनं रक्तवाहिन्या अजून आखडतात. मग विचारलं, भरलंय काय? कुणालाच माहीत नाही! बिल नाही, बॉक्स नाही, पैसे स्कॅन करून दिलेले तेवढाच पुरावा. आता गंमत बघा, हायलुरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते हायलुरोनिडेजच्या इंजेक्शननं विरघळवता येतं, पण कॅल्शियमवालं किंवा सिलिकॉन असेल तर त्यानं विरघळत नाही. डॉक्टरांनी अंदाजानं हायलुरोनिडेज दिलं, थोड्या थोड्या वेळानं परत परत दिलं, नशिबानं रंग परत आला. उशीर झाल्यामुळं ओठाच्या कोपऱ्यावर खपली धरली, तिथं व्रण राहिलाय.

हे हायलुरोनिडेज काही परदेशातून मागवायचं औषध नाही हो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्याजवळ भूल देताना सुद्धा वापरतात. मग फिलर टोचणाऱ्याच्या कपाटात ते का नसावं? आणि फिलरच्या बॉक्समध्ये बॅच नंबरचं निघणारं स्टिकर येतं, ते पेशंटच्या फाइलला लावायलाच असतं. आमच्याकडं फाइलच नव्हती. बरं, माल तरी कुठला, खरा की दोन नंबरचा? फिलर हे काही क्रीम पावडर नाही, मेडिकल डिव्हाइस आहे, शहरात ही सिरिंज कुठून येते ते अन्न व औषध प्रशासनानं एकदा बघायला पाहिजे. नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्येच सांगितलंय की वर्कशॉपला बसून नाहीतर यूट्यूब बघून असल्या सौंदर्याच्या प्रोसिजर करायला शिकता येत नाही.

ज्यांनी आधीच करून घेतलंय त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही बाजूंना सारखी सूज, थोडं काळंनिळं, हे चालतं, हळूहळू उतरतं. पण पांढरा पट्टा, जाळी, वाढत जाणारा ठणका, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी निघा. नाकात किंवा भुवयांच्या मधे भरलं असेल आणि दिसायला कमी झालं तर एक मिनिट पण थांबू नका, तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात, त्यातून कायमची नजर गेल्याच्या केसेस आहेत. महिन्यांनी गाठी आल्या तर त्या घरी चोळत बसू नका. लाज वाटत असेल तर डॉक्टरांना सांगताना फक्त एवढं खरं सांगा की काय टोचलं, कधी आणि कुठं. सिव्हिलला गेलात तरी तेच सांगा, तिथं कुणी पाहुणे बसलेले नसतात.

टोचणारा डॉक्टर खरा आहे का ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येतं. ते बघा, हायलुरोनिडेज ठेवलंय का विचारा आणि स्टिकर मागून घ्या. कुणी तोंड वाकडं केलं तर सरळ उठून या.

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा झाली, पौष संपला की लग्नांची गर्दी सुरू होईल, त्याच्या आधी हे छापलंत तर बरं होईल.

एक वाचक, जुळे सोलापूर