रमा म्हणते, हॉवर्ड

बाल्टिमोर,
१२ एप्रिल

प्रिय सुधाकर,
सप्रेम जय भीम.

माझी शुगर आटोक्यात आहे, तुझा गुडघाही बरा असेल. मुद्द्याचं लिहितो. रमाला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक गोऱ्यांचं नावाजलेलं विद्यापीठ, तिथे जवळजवळ सगळी फी माफ. दुसरं वॉशिंग्टनचं हॉवर्ड, १८६७ सालचं, तिच्या आईच्या, म्हणजे काळ्या लोकांचं. तिथे मदत कमी. पोरगी हॉवर्डवर अडून बसलीय.

पुण्याचे काका फोनवर म्हणाले, "आपल्याच लोकांत राहून जग कसं कळणार?" ओळखीचं वाटतंय ना? औरंगाबादला नागसेनवनात गच्चीवर तू ह्याच वाक्यावरून रात्र रात्र भांडायचास. बाबासाहेबांचं मिलिंद कॉलेज सोडून शहरातल्या दुसऱ्या कॉलेजात गेलास, आडनाव कळल्यावर शेजारचा पोरगा बाक सोडून उठला, आणि संध्याकाळी साहेब जेवायला आमच्याच मेसमध्ये! माझ्या ताटातल्या भाकऱ्यांचा हिशेब अजून बाकी आहे.

रमा इथे शाळेत वरच्या गणिताच्या वर्गात कायम एकटीच काळी मुलगी. चुकली की "ह्यांना जमत नाही", जमलं की चमत्कार झाल्यासारखं कौतुक. परवा तिला हॉवर्ड दाखवायला नेलं. फाउंडर्स लायब्ररीच्या मनोऱ्यासमोर कुणीतरी ओरडलं, "एच-यू!" चहूकडून उत्तर आलं, "यू नो!" ती दचकलीच, मग हसत सुटली. नंतर एका तासाला बसली. फळ्याशी एक मुलगा अडला, त्याने पुसलं, पुन्हा मांडलं, पुन्हा अडला. गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तो नुसता चुकला." सुधा, हे तुला वेगळं समजवायला नको.

जग कळण्याचंच म्हणशील तर वकील थर्गुड मार्शल ह्याच बाल्टिमोरचा. इथल्या मेरीलँड राज्याच्या लॉ स्कूलमध्ये काळ्यांना प्रवेशच नव्हता, म्हणून रोज रेल्वेने हॉवर्डला जायचा. फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण टाकली. १९३३ साली वर्गात पहिला आला. त्याचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन हार्वर्डला शिकून आपल्या माणसांना शिकवायला परत आलेले. तीन वर्षांच्या आत दोघांनी खटला लढवून त्याच मेरीलँडचं दार एका काळ्या विद्यार्थ्याला उघडून दिलं. १९६७ साली मार्शल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा पहिला काळा न्यायाधीश झाला.

अडतंय ते पैशावर. रमाची आई म्हणते, शिकून बाहेर पडताना डोक्यावर कर्ज असेल तर पोरीला मनासारखं काम निवडता येईल का? तिचं खोटं नाही, तिने स्वतःचं कर्ज चाळिशीपर्यंत फेडलंय. मी म्हणतो, घर गहाण टाकू. ह्यावरून घरात रोज खडाजंगी. १ मेपर्यंत कळवायचंय.

धाकट्याचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींची बदली कुठे झाली?

मिलिंद सोडताना आणि त्या संध्याकाळी मेसमध्ये येताना तुला काय वाटलं होतं, ते लांबलचक लिही. भांडण सोडून लिही. रमाला आणि तिच्या आईला, दोघींनाही वाचून दाखवायचंय.

तुझा,
अशोक