टॅबला कीबोर्ड लावला की ओझे तेवढेच

महोदय,

सुट्ट्यांचा हंगाम आला की ‘लॅपटॉपचे ओझे कशाला, टॅब घ्या’ असा सल्ला जाहिरातींतून सर्रास मिळतो. त्यात वजन छापतात ते नुसत्या टॅबचे. ११ इंची आयपॅड एअर साधारण ४६० ग्रॅमचा, हे खरे. पण त्याच कंपनीचा ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड लावला की जोडी एक किलोच्या पुढे जाते. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा, तर १४ इंची एलजी ग्रॅम एक किलोच्या आसपास. वाचले जेमतेम शे-दोनशे ग्रॅम, आणि कीबोर्डचे पैसे वेगळे. कीबोर्ड लागणारच असेल तर टॅबच्या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत.

मराठीत काम करणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची सोय टॅबमध्ये पडद्यावरच्या कीबोर्डच्या ॲपात असते. ब्लूटूथ कीबोर्ड जोडला की अनेक अँड्रॉइड टॅबवर ती चालेनाशी होते, कारण बाहेरच्या कीबोर्डची मांडणी वेगळ्या सेटिंगमधून येते. दुकानातच कीबोर्ड जोडून ‘ज्ञानेश्वर’, ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲसिड’ हे तीन शब्द टाइप करून पाहा. गाडी अडते ती ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’पाशी. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट (सरकारमान्य देवनागरी मांडणी) आणि फोनेटिक (रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) दोन्ही मांडण्या आयत्या मिळतात. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या श्रीलिपी सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीत नसलेल्या फाइली टॅबवर उघडल्या तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. छापखान्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको.

एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या आज्ञावल्या, टॅबवरच्या ॲपमध्ये चालत नाहीत. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲपमध्ये फुकट संपादन १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यालाच आहे. ११ इंची टॅबवर त्यासाठी वर्गणी भरावी लागते. ई-निविदा भरणाऱ्यांचा प्रश्न त्याहून सरळ आहे. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनला ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) लागतो, तो टॅबवर सहसा बसत नाही. निविदेची शेवटची तारीख प्रवासात येणार असेल तर विंडोजचा लॅपटॉप सोबत हवाच.

वाचणे, नकाशे, तिकिटे, सिनेमा एवढ्यापुरता मात्र टॅब सरस, तोही कीबोर्डाविना. नेटफ्लिक्सच्या विंडोज ॲपमधून सिनेमे उतरवून ठेवण्याची सोय २०२४मध्ये गेली, टॅबवर ती आहे. एक खोच लक्षात ठेवावी: फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. घाटात नकाशा बघायचा असेल तर सिमवालाच घ्यावा.

खरी फजिती होते ती चार्जिंगची. रेल्वेच्या डब्यात काही ठिकाणी सॉकेटला २३० ऐवजी ११० व्होल्ट असतात. अडॅप्टरवर ‘इनपुट १००-२४०’ छापलेले असेल तर काळजी नाही. सॉकेट ढिला असला तर लॅपटॉपचा जड अडॅप्टर लोंबकळून निसटतो, आणि काही गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ पुरवठाच बंद ठेवतात. म्हणून पॉवर बँक लागते, आणि लोक नेमके तिथे फसतात. पॉवर बँकेवरच्या २०,००० एमएएचला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की ७४ वॅट-अवर येतात, ही तिच्यात साठणारी वीज. आयपॅड एअरची बॅटरी २९च्या आसपास, हलक्या लॅपटॉपची पन्नासच्या पुढे-मागे. मधली गळती धरली तर टॅब दोनदा भरेल, लॅपटॉप जेमतेम एकदा. तोही पॉवर बँकेवर २० व्होल्टचे आउटपुट छापलेले असेल तरच, २२.५ वॅटवाल्या बहुतेक पॉवर बँका १२ व्होल्टवर थांबतात आणि लॅपटॉप त्यांना दाद देत नाही. केबलही पाहून घ्यावी. ३ अँपिअरची टाइप-सी केबल ६० वॅटच्या वर जात नाही, मग चार्जर कितीही मोठा असो.

विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, पण ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते. क्षमतेचा छाप पुसला गेला असेल तर तपासणीत अडवू शकतात. उड्डाणात ती वापरायला मनाई आहे.

लॅपटॉपची एक खोड मात्र मान्य करायला हवी. झाकण मिटून बॅगेत ठेवला की नवे विंडोज लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत. अर्धवट जागे राहून तापतात आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडून झाकण मिटल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडावे, म्हणजे उघडे काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. तो पर्याय यादीत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘powercfg /hibernate on’ ही आज्ञा द्यावी. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, एवढेच.

– संगणक दुरुस्ती व्यावसायिक, नाशिक