बरगंडीला येणाऱ्यांनी रविवारी दंडोबाला यायचंच!

मंडळी, रविवारी सकाळी साडेपाचला विश्रामबाग चौकात जमायचंय, तिथून मिरजेमार्गे दंडोबाचा डोंगर. पाऊस असला तरी सायकल राईड आहे. सप्टेंबरच्या फ्रान्समधल्या बरगंडीच्या सायकल टूरला ज्यांनी नाव दिलंय त्यांनी कृपया चुकवू नका.

बरेच जण विचारतायत की तिकडे ट्रॅफिकचं काय, तर आपला मुख्य रूट जिव्री ते क्लुनी, 44 किमी, हा जुन्या रेल्वेलाईनवर केलेला डांबरी रस्ता आहे, 1997 ला सुरू झाला, मोटारी आणि मोपेड दोन्हीला बंदी. रेल्वेचाच रस्ता असल्यामुळे चढ एकदम हलका, पण बाजूच्या गावांत द्राक्षबागा बघायला वळलात की टेकड्या लागतातच, म्हणून दंडोबा! क्लुनीच्या पुढे मॅकॉनकडे जाताना ब्वा क्लेरचा जवळजवळ 1.6 किमीचा बोगदा आहे, आत चांगलंच गार असतं, विंडचीटर हाताशी ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, म्हणून तर मी पहिल्यापासून सप्टेंबरचा हट्ट धरला होता. शिवाय तेव्हा तिकडे द्राक्षतोडणी असते आणि आपल्या तासगाव-पलूसकडे द्राक्षवेलींच्या फळछाटणीची तयारी, हे बघायला मिळणार याचं मला फार अप्रूप वाटतंय.

तिकडे उजव्या बाजूने चालवायचं असतं, हे डोक्यात पक्कं बसवा. रात्री गावाबाहेर चमकणारं जॅकेट कायद्याने लागतं, सगळ्यांनी घ्या.

रविवारी पंक्चर किट, पाणी आणि मागचा लाल लाईट आणा. लाईट नसेल त्याला अंधारात हायवेवर मी निघू देणार नाही.