पत्रिका नव्हे, ते ॲप होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्नं लागली की आमच्या गावात पत्रिका यायला लागतात. हल्ली बहुतेक व्हॉट्सॲपवरच. गेल्या लग्नसराईत माझ्या सासऱ्यांना अशीच एक ‘पत्रिका’ आली, तीही भावकीतल्या माणसाच्या नंबरवरून. वर ‘अगत्य येण्याचे करावे’, खाली फाइल. त्यांनी ती दाबली. फोनने इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी होकार दिला. पुन्हा विचारलं, पुन्हा होकार. पत्रिका काही उघडली नाही. सकाळी पाहतो तर खात्यातले ३८ हजार रुपये गेलेले! ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता. सांगावा लागलाच नाही. मेसेज वाचायची परवानगी त्या दुसऱ्या होकाराने मिळाली होती. वर त्यांच्याच नंबरवरून तीच फाइल अर्ध्या भावकीला गेली.

म्हणून ‘अनोळखी नंबरवरची फाइल उघडू नका’ एवढं सांगून भागत नाही. सासऱ्यांनी ते पाळलंच होतं. पाहायला हवं ते फाइलच्या नावाचं शेवटचं टोक. फोटोच्या शेवटी जेपीजी असतं, छापील पत्रिकेच्या शेवटी पीडीएफ. तिथे ए-पी-के ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर ते अँड्रॉइडचं ॲप आहे, मग नाव ‘लग्नपत्रिका’ असो, ‘आरटीओ चलान’ असो की बँकेचं केवायसी. पत्रिका बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि तिला आपले मेसेज वाचायचं काही कारण नाही. ‘इन्स्टॉल’ हा शब्द दिसला की तिथेच थांबावं आणि पाठवणाऱ्याला सरळ फोन करून विचारावं.

आमची मोठी चूक पुढे झाली. बँक उघडायची वाट पाहत बसलो, मग पोलीस ठाण्यात गेलो, दुपार झाली. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर घरात कुणालाच ठाऊक नव्हता. तिथे लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यातच रोखता येण्याची शक्यता असते. फोनचं नेट तेवढ्यात बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवावं.

आपल्याला एक विनंती. लग्नसराईभर रोजच्या पंचांगाखाली ए-पी-के ही तीन अक्षरं आणि १९३० हा नंबर ठळक छापावा. आमचे सासरे पेपर हातात घेतला की आधी पंचांगच वाचतात.

आपली,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा