ती पुस्तके नातवाची नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ज्यू ग्रंथसंग्रहावर आणि त्याच्या मालकीच्या खटल्यावरचा लेख वाचला. आपल्या लेखकाने ते सगळे प्रकरण घरातली वाटणी समजून लिहिले आहे. एकीकडे मावशीचे यजमान, दुसरीकडे भाचा आणि मध्ये आजोबांची पुस्तके. अशी भांडणे आपल्याकडे घरोघरी असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला ते पटतही असेल. पण न्यायालयासमोरचा प्रश्न तो नव्हताच. धर्मगुरूने जमवलेली पुस्तके त्याच्या वारसांची की त्याच्यामागे चालणाऱ्या समाजाची, हा होता. एवढ्या मोठ्या लेखात त्याला एक ओळ मिळू नये?

हे धर्मगुरू म्हणजे ज्यूंच्या लुबाविच पंथाचे प्रमुख रब्बी योसेफ यित्सहाक श्नीअरसन. ते १९५० मध्ये गेले. त्यांच्या संग्रहातली शेकडो पुस्तके नातवाने, म्हणजे आपल्या लेखातल्या भाच्याने, पुढे कोणाला न सांगता नेली आणि विकायला काढली. त्यांतली १७५७ सालची सचित्र हाग्गादा (ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचे पुस्तक) ६९ हजार डॉलरना एका स्विस व्यापाऱ्याने घेतली आणि जवळजवळ दीड लाखाला पुढे दिली. हे आकडे आपण चौकटीत ठळक छापलेत. ज्या पत्रावर खटला फिरला, ते मात्र लेखात कुठेही नाही.

ते पत्र रब्बींनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे ग्रंथपाल अलेक्झांडर मार्क्स यांना लिहिले होते. युद्धात पोलंडमध्ये अडकलेला संग्रह परत मिळावा म्हणून तुम्ही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे शब्द टाका, अशी त्यात विनंती होती. हा ठेवा ज्यू समाजाचा आहे, असे रब्बींनी त्यात स्वतः लिहिले होते. सरकारची मदत मिळावी म्हणून तसे लिहिले, मनातून पुस्तके ते स्वतःचीच मानत होते, असा नातवाच्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी तो मानला नाही. जानेवारी १९८७ मध्ये निकाल समाजाच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलातही तो कायम राहिला. रब्बींच्या मुलीने, म्हणजे नातवाच्या सख्ख्या मावशीनेच, साक्षीत सांगितले होते की पुस्तके अनुयायांची, कारण माझे वडीलच अनुयायांचे होते. याला वाटणीचे भांडण म्हणायचे?

मला हे इतके लागते त्याला कारण आहे. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू. माझे आजोबा रायगडातल्या आमच्या गावी हाजान, म्हणजे सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) प्रार्थना चालवणारे, होते. गावातली घरे एकेक करून इस्राएलला गेली तेव्हा सिनेगॉगची पुस्तके आजोबांच्या पेटीत आली. त्यात १८७४ ची पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हाग्गादा होती. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. आम्हा मुलांना तेच पान सगळ्यांत आवडायचे. पानांवर मनुकांच्या शरबताचे डाग होते. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते, कोणत्या साली वल्हांडणाला हे पुस्तक कोणाच्या घरी दिले. घरातले पुस्तक कोणी असे घरोघर फिरवतो का? ते गावाचे होते आणि आजोबा ते राखत होते.

आजोबांनंतर घरातल्याच एकाने ती पेटी मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकून टाकली. विचारले तर म्हणाला, आजोबांचे ते आपले. काही वर्षांनी परदेशातल्या एका लिलावाच्या सूचीत मला पुठ्ठ्याच्या त्याच आतल्या बाजूचा फोटो दिसला. अक्षर आजोबांचेच, आमच्या शेजाऱ्यांची नावेसुद्धा वाचता आली. मी तिकडे पत्र पाठवले. मालकीचा कागद दाखवा, असे उत्तर आले. कागद कुठून आणणार? आमच्याकडे परराष्ट्र खात्यापर्यंत जाणारे पत्र कोणी लिहिले नव्हते. पेन्सिलीच्या त्या नोंदी हाच आमचा कागद होता आणि तोही पुस्तकासकट विकला गेला. सूचीत त्या नोंदींचे वर्णन ‘पूर्वीच्या मालकाचे हस्ताक्षर’ असे केले होते. आजोबा मालक नव्हते. ते वाचून मला रडू आले होते आणि आपला लेख वाचतानाही तेच झाले, कारण आपणही रब्बींना पानोपानी ‘मूळ मालक’ म्हटले आहे.

आणखी एक. लेखासोबत छापलेले हिब्रू पान उलटे आहे. मथळा खाली आणि पृष्ठांक वर. आमच्यात धर्मग्रंथ हातून पडला तर उचलून त्याचे चुंबन घेतात आणि जीर्ण झालेला ग्रंथ फेकत नाहीत, पुरतात. कार्यालयात हिब्रू वाचणारे कोणी नसेल, हे समजू शकते. पण ठाण्यात, मुंबईत, पुण्यात, अलिबागेत आमची माणसे अजून आहेत. एक फोन केला असता तर कोणीही सांगितले असते.

त्या खटल्याचा निकाल कशाच्या आधारावर लागला हे येत्या रविवारी छापावे आणि ते पान सरळ करून पुन्हा द्यावे. रायगडातल्या ज्या घरांत अशी पुस्तके असतील त्यांनाही कळकळीने सांगते, पहिल्या पानावर शाईने सिनेगॉगचे आणि गावाचे नाव लिहून ठेवा. लिलावात दिसलेली ती हाग्गादा आज कोणाकडे आहे हे वाचकांपैकी कोणाला माहीत असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मला ती विकत मागायची नाही. आतल्या पुठ्ठ्याचे स्वच्छ छायाचित्र हवे आहे, कारण ज्यांची नावे त्यावर आहेत त्यांची नातवंडे आज इस्राएलमध्ये अश्दोद आणि दिमोना येथे आहेत आणि त्यांना ते दाखवायचे आहे.

आपली,
एक वाचक, ठाणे