नॉर्मल रिपोर्ट

परळ, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही चिडून विचारलंत, "एवढ्याशा पोरांना किरणं कशाला देता गं?" तेव्हा समोर पेशंट होता, म्हणून आज लिहितेय.

कुतूहल म्हणून धडधाकट मुलाला पेट स्कॅनला, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती काम करतो ते दाखवणाऱ्या तपासणीला, कुणी घेत नाही. त्यासाठी सुईने देतो ते औषध, एफडीजी, ही किरणोत्सर्गी साखरच. मेंदूचा जो भाग जास्त राबतो, तो ती जास्त ओढतो. म्हणून सुई टोचल्यावर मुलाने अंधाऱ्या खोलीत अर्धा तास गप्प पडून राहायचं. गेल्या आठवड्यात एक 5 वर्षांचा पोरगा उपाशीपोटी सारखा कुजबुजत होता, "आता तरी बिस्कीट?" त्याच्या आईने कार्टून लावलं, तर मी धावत जाऊन मोबाइल काढून घेतला. नाहीतर बघण्याचा भागच पेटलेला दिसला असता! त्यात त्या औषधाचा जोर 110 मिनिटांत निम्मा होतो. ते घेऊन येणारी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की माझा जीव टांगणीला.

मग निरोगी मेंदू कसा दिसतो, हे कळलं कुठून? 1987 साली अमेरिकेत हॅरी चुगानी आणि सहकाऱ्यांनी 29 मुलांचे स्कॅन मांडले, 5 दिवसांच्या बाळापासून 15 वर्षांपर्यंतचे. या मुलांना काहीतरी तात्पुरता त्रास झाला होता, पण वाढ ठीक होती. बाळाचा मेंदू मोठ्यांपेक्षा कमी साखर खातो. 3-4 वर्षांचा झाला की मोठ्यांना मागे टाकतो, पार दुपटीपर्यंत. 9-10 वर्षांपर्यंत ही भूक टिकते, मग विशीच्या आत हळूहळू उतरते. आई, चिमीच्या दिवसभराच्या "का गं आजी?"वर आता वैतागू नकोस.

हे वाचलं तेव्हा मला माझी चौथी आठवली. वर्गात झटका आला, तुम्ही रातोरात एसटीने मला मुंबईला आणलंत, डोक्याला वायरी लावल्या. रिपोर्ट नॉर्मल. बाबा म्हणालात, "एवढे पैसे गेले आणि निघालं काहीच नाही." मग दादरला उसाचा रस पाजलात, आणि आई ग्लास हातात धरून रडत राहिली.

काल त्या पोराचे वडील रिपोर्ट न्यायला आले होते. "निघालं काहीच नाही," म्हणाले, अगदी तुमच्याच सुरात. मी त्यांना स्टेशनजवळचं रसाचं दुकान दाखवलं.

तुमची,
ताई